आतड्यांचा नकाशा मांडणारे डॉ. बर्किट

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर नागली आणि वरईची शेती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. नागलीची भाकर, उडदाचे किंवा तुरीचे कालवण, पावसाळ्यात रानभाज्या आणि दिवसभराची पायपीट, असे इथल्या वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी घरांतले जगणे. आता ताटातली नागली कमी होत चालली आहे आणि रेशनचा तांदूळ वाढला आहे. कामासाठी शहराकडे गेलेल्या माणसांच्या हाती पाव, फरसाण आणि बिस्किटांचा पुडा सहज येतो. पोट भरते, पण पोटात जाणारा चोथा घटतो.

या बदलाचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी काय संबंध, हा प्रश्न जगापुढे सर्वांत ठामपणे मांडला तो एका आयरिश शल्यविशारदाने. त्यांचे नाव डॉ. डेनिस बर्किट. त्यांचे म्हणणे निम्मे खरे ठरले आणि निम्मे अपुरे. आपल्यासाठी दोन्ही बाजू समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण एका बाजूवरच विसंबलो तर जीव गमावण्याची वेळ येऊ शकते.

पक्ष्यांचे नकाशे, रोगांचे नकाशे

बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलन या गावी झाला. वडील जेम्स बर्किट पेशाने अभियंता, जिल्ह्याचे रस्ते-पूल पाहणारे. त्यांना पक्षिनिरीक्षणाचा नाद होता. रॉबिन पक्ष्यांच्या पायात धातूच्या कड्या घालून कोणता पक्षी बागेच्या कोणत्या भागात वावरतो, याचे नकाशे ते काढीत. मुलाने पुढे आयुष्यभर हेच केले, फक्त पक्ष्यांच्या जागी रोग आले.

अकराव्या वर्षी अपघातात डेनिस यांचा उजवा डोळा गेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते वडिलांप्रमाणे अभियंता व्हायला गेले, पण लवकरच वैद्यकाकडे वळले आणि १९३५ साली डॉक्टर झाले. १९३८ मध्ये एडिंबराची शल्यचिकित्सेची पदवी मिळाली. ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय सेवेत जाण्यासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा एका डोळ्याचा शल्यविशारद नको म्हणून तो नाकारला गेला. महायुद्धात मात्र सैन्याच्या वैद्यकीय दलाने त्यांना घेतले. केनिया, सोमालीलँड आणि सिलोन इथे त्यांनी काम केले. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, त्यांना युगांडात नेमणूक मिळाली.

पहिले ठाणे होते उत्तरेकडचे लिरा. तिथे अंडवृद्धीचे, म्हणजे हायड्रोसिलचे, रुग्ण खूप येत. शस्त्रक्रिया करता करता बर्किट यांच्या लक्षात आले की जिल्ह्याच्या एका बाजूला हा आजार पुष्कळ आहे आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाही. हत्तीरोगाचे जंतू पसरवणारे डास कुठे आहेत आणि कुठे नाहीत, याचा तो परिणाम होता. रोग कुठे आहे एवढेच विचारून थांबायचे नाही, कुठे नाही तेही विचारायचे, हा धडा त्यांनी लिरात गिरवला.

जबड्याची गाठ आणि दहा आठवड्यांचा प्रवास

१९४८ मध्ये ते कंपालाच्या मुलागो रुग्णालयात आले. १९५७ साली त्यांचे सहकारी डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी त्यांना पाच वर्षांचा एक मुलगा दाखवला. त्याच्या जबड्याला चारही बाजूंनी सूज होती. संसर्ग म्हणावा तर तसा दिसत नव्हता, आणि गाठ म्हणावी तर एकाच वेळी चार ठिकाणी कशी येईल? काही आठवड्यांनी जिंजा गावच्या रुग्णालयात तसेच दुसरे मूल दिसले. बर्किट यांनी जुनी कागदपत्रे उघडली. मुलांच्या पोटातल्या, मूत्रपिंडातल्या आणि जबड्यातल्या ज्या गाठी वेगवेगळ्या नावांनी नोंदल्या गेल्या होत्या, त्या एकाच रोगाची रूपे असल्याचे त्यांना उमगले. १९५८ मध्ये त्यांनी तो निबंध प्रसिद्ध केला. आज हा रोग बर्किट लिम्फोमा म्हणून ओळखला जातो.

हा रोग आफ्रिकेत कुठवर पसरला आहे, हे पाहण्यासाठी १९६१ साली ते टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन या दोन डॉक्टर मित्रांसह एका जुन्या मोटारीने निघाले. दहा आठवड्यांत सुमारे १६ हजार किलोमीटर फिरून त्यांनी पन्नासहून अधिक रुग्णालये पाहिली. प्रत्येक ठिकाणी प्रश्न साधाच होता, असे मूल इथे येते का? उत्तरांतून नकाशा तयार झाला. उष्ण आणि पावसाच्या सखल भागांत रोग होता, उंच आणि थंड भागांत नव्हता. हिवतापाचा पट्टाही साधारण तोच. दरम्यान लंडनमधल्या त्यांच्या व्याख्यानाला अँथनी एपस्टाइन नावाचे संशोधक आले होते. बर्किट यांनी पाठवलेल्या गाठींच्या तुकड्यांतून १९६४ साली एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विषाणू शोधला. माणसाच्या कर्करोगाशी नाते सिद्ध झालेला हा पहिला विषाणू.

जुनी मोटार, नोंदवही आणि नीट विचारलेला प्रश्न एवढ्या साधनांवर हे काम उभे राहिले. त्यामुळेच पुढे आतड्यांचा प्रश्न हाती घेताना बर्किट यांनी हीच रीत वापरली.

मळाचे वजन

१९६६ मध्ये बर्किट इंग्लंडला परतले. पुढच्या वर्षी त्यांची गाठ नौदलातले निवृत्त डॉक्टर पीटर क्लीव्ह यांच्याशी पडली. साखर आणि पांढरे पीठ यांमुळे पाश्चात्त्यांना अनेक आजार जडतात, असे क्लीव्ह वर्षानुवर्षे सांगत होते आणि फारसे कोणी ऐकत नव्हते. बर्किट यांनी ऐकले, कारण त्यांना आठवले की युगांडातल्या वीस वर्षांत खेड्यातल्या माणसांमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग, आतड्यातले पॉलिप, अपेंडिक्सचा दाह, मूळव्याध हे आजार त्यांनी फार क्वचित पाहिले होते. इंग्लंडच्या रुग्णालयांत तर त्यांची रीघ होती.

आफ्रिका आणि आशियातल्या कितीतरी लहान रुग्णालयांना त्यांनी प्रश्नावल्या पाठवल्या आणि उत्तरे जमवली. पुढचा टप्पा ऐकून अनेकांनी नाके मुरडली असतील. सहकाऱ्यांसह त्यांनी माणसांचा मळ तोलला. खाल्लेले अन्न बाहेर पडायला किती वेळ लागतो, हे क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला देऊन मोजले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत आफ्रिकेतल्या खेडुतांचा दिवसाचा मळ चारशे ग्रॅमच्या आसपास होता आणि अन्नाचा प्रवास साधारण दीड दिवसाचा. ब्रिटिशांचा मळ शंभर ग्रॅमच्या आसपास आणि प्रवास तीन दिवसांचा किंवा त्याहून अधिक. बर्किट व्याख्यानात मळाची छायाचित्रेही दाखवीत. सभ्य श्रोते हसत, पण घरी गेल्यावर विसरत नसत.

१९७१ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरच्या निबंधात त्यांनी आपले म्हणणे मांडले. चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ, कमी झाले की मळ थोडा, घट्ट आणि सावकाश होतो. त्यातली घातक द्रव्ये आतड्याच्या अस्तराला अधिक वेळ चिकटून राहतात, आणि वर्षानुवर्षांच्या या घासणीतून कर्करोग जन्मतो. १९७२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९७९ साली सामान्य वाचकांसाठी त्यांनी लिहिलेले आहारातल्या तंतूंवरचे पुस्तक अनेक देशांत पोहोचले. न्याहारीच्या खोक्यांवर आज फायबर हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला दिसतो, त्यामागे बर्किट यांचा मोठा वाटा आहे.

पॉलिप म्हणजे काय?

बर्किट बाहेरून नकाशा काढत होते, तेव्हा दुसरे काही डॉक्टर आतड्यात डोकावत होते. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी गुदद्वारातून लवचिक दुर्बीण आत घालून, पोट न फाडता, तारेच्या फासाने मोठ्या आतड्यातला पॉलिप काढला.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसल उंचवटा. कधी तो देठावरच्या अळंबीसारखा असतो, कधी पसरट. मूळव्याधीचे मोड वेगळे. ते गुदद्वाराजवळच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांचे असतात. पॉलिप बहुतेक वेळा दुखत नाही, दिसत नाही आणि वर्षानुवर्षे गप्प बसतो. त्यातल्या अ‍ॅडिनोमा या प्रकारातून मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग उगवतात, पण बहुतेक अ‍ॅडिनोमा कधीच कर्करोग होत नाहीत. जे होतात त्यांना साधारण दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो.

मग कोणता पॉलिप वाईट वळण घेईल? डॉक्टर प्रथम त्याचा आकार पाहतात. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप अधिक धोक्याचा. दुसरी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखालची ठेवण. बोटांसारख्या झालरी असलेला पॉलिप साध्या नळ्यांच्या ठेवणीपेक्षा वाईट. तिसरी, पेशींतला बिघाड सौम्य आहे की तीव्र. चौथी, पॉलिप किती आहेत. करवतीच्या दात्यांसारखी ठेवण असलेले काही पसरट पॉलिपही कर्करोगाकडे जातात आणि ते सहज नजरेतून निसटतात.

माणसाच्या बाजूनेही काही कारणे असतात. वाढते वय, आई-वडील किंवा भावंडांना आतड्याचा कर्करोग, आतड्याचा दीर्घकाळचा दाह, विडी-सिगारेट, दारू, लठ्ठपणा, मधुमेह, बैठे काम, आणि खारवून किंवा धुरी देऊन टिकवलेले मांस. या शेवटच्या पदार्थाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवले. काही कुटुंबांत जनुकीय दोषामुळे तरुणपणीच आतड्यात शेकडो पॉलिप येतात. त्यांना उपचार मिळाले नाहीत तर कर्करोग जवळजवळ अटळ असतो.

पॉलिपमध्ये कर्करोगाची सुरुवात झाली असली, तरी तो आतड्याच्या वरच्या थरांपुरता असेल, पॉलिप पूर्ण निघाला असेल, कापलेल्या कडा स्वच्छ असतील आणि रक्तवाहिन्या किंवा लसिकावाहिन्यांत पेशी शिरलेल्या नसतील, तर अनेकदा तेवढ्यावरच काम भागते. उशीर झाला तर आतड्याचा भाग काढावा लागतो आणि औषधोपचारही घ्यावे लागतात.

अर्धे सत्य

२३ मार्च १९९३ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, बर्किट यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतला एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे अ‍ॅडिनोमा दुर्बिणीतून काढले होते अशा १,४१८ जणांवर काही वर्षे लक्ष ठेवल्यावर, अपेक्षेपेक्षा फार कमी जणांना आतड्याचा कर्करोग झाल्याचे दिसले. २०१२ साली याच मालिकेतल्या रुग्णांचा पुढचा हिशेब आला, तेव्हा या कर्करोगाने होणारे मृत्यूही अपेक्षेच्या सुमारे निम्म्यावर आलेले होते. पॉलिप काढला की कर्करोगाची वाट अडते, हे पक्के झाले.

बर्किट यांच्या मताची कसोटी २००० साली लागली. पॉलिप काढलेल्या सुमारे दोन हजार अमेरिकनांपैकी निम्म्यांना चार वर्षे भरपूर तंतू आणि कमी चरबीचा आहार दिला. पॉलिप पुन्हा येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, शंभरात सुमारे चाळीस. गव्हाच्या कोंड्यावरच्या दुसऱ्या चाचणीतही फरक दिसला नाही. बर्किट यांच्या पद्धतीवरचे जुने आक्षेपही पुन्हा पुढे आले. खेड्यात म्हातारी माणसे कमी, दुर्बिणीची तपासणी नाही, मग रोग खरोखर कमी होता की नोंदला जात नव्हता?

पण गोष्ट इथेही संपली नाही. २००३ साली युरोपातल्या दहा देशांतल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात अधिक तंतू खाणाऱ्यांना हा कर्करोग कमी आढळला. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दिवसाला दहा ग्रॅम तंतू वाढले की धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी, असे चित्र निघाले. २०१५ साली तर वीस आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले वीस जण यांचा आहार दोन आठवडे अदलाबदल केला. आरंभीच्या तपासणीत अमेरिकनांपैकी जवळपास निम्म्यांत पॉलिप होते, खेडुतांत एकातही नव्हता. आहार बदलताच दोन्ही गटांच्या आतड्यातले जिवाणू आणि अस्तरातली जळजळ यांत उलटसुलट फरक पडला. तंतू फक्त मळ पुढे ढकलत नाहीत. आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. अस्तराच्या पेशींचे ते आवडते खाद्य आणि बिघडलेल्या पेशींना आवर घालणारे द्रव्य.

दोन्ही बाजू जुळवून पाहिल्या की अर्थ असा लागतो. आयुष्यभराचा चोथायुक्त आहार धोका कमी करतो. पन्नाशीनंतर चार वर्षे कोंडा खाऊन आधीचे नुकसान पुसले जात नाही, आणि वाढलेला पॉलिप भाकरीने विरघळत नाही.

आपल्या डोंगरात

महाराष्ट्रातही नकाशे काढले गेले. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत ग्रामीण भागातली पहिली नोंदणी उभी राहिली. खेड्यातला रुग्ण आपणहून येत नाही, म्हणून तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना लक्षणे समजावत. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आहे, गावात तर आणखी कमी. मात्र आपल्या रुग्णांत पन्नाशीच्या आतल्यांचा वाटा तिकडच्यापेक्षा मोठा दिसतो, आणि पुष्कळ जण उशिरा येतात.

जव्हार-मोखाड्याच्या दृष्टीने बर्किट यांचा पहिला निम्मा धडा आश्वासक आहे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तीनच्या आसपास. वाडवडिलांचे धान्य मागासलेपणाची खूण नाही. पण हेही विसरायला नको की जुने ताट अनेकदा अर्धे रिकामे होते, आणि कुपोषणाने इथली लेकरे गेली आहेत. नागली हवी, तिच्याबरोबर डाळ, तेल, अंडे आणि पोटभर जेवणही हवे.

दुसरा निम्मा धडा सावधगिरीचा आहे. आदिवासी पट्ट्यात रक्त कमी असणे इतके सर्रास आहे की त्याचे कारण कोणी शोधत नाही. अपुरा आहार, अंकुशकृमी, सिकलसेल, बाळंतपणे, ही कारणे खरीच असतात. पण पाळी थांबलेल्या बाईचे किंवा प्रौढ पुरुषाचे लोह कमी होऊन रक्त घटत असेल, तर आतड्यातून झिरपणारे रक्तही कारण असू शकते. शौचातून रक्त आले की मूळव्याध म्हणून झाडपाला घेतला जातो आणि वर्ष निघून जाते. शौचातून रक्त पडणे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, विनाकारण वजन उतरणे किंवा रक्त कमी होणे, यांतले काहीही झाले तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तिथून जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा पुढे मोठ्या ठिकाणी पाठवले तर जावे. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की हे मूळव्याधच आहे कशावरून? घरात कोणाला हा कर्करोग तरुणपणी झाला असेल, तर त्रास नसतानाही तपासणीबद्दल विचारावे.

मळाविषयी बोलायला आपल्याला लाज वाटते. बर्किट यांना वाटली नाही. रॉयल सोसायटीचा हा सदस्य भर सभेत मळाची चित्रे दाखवत राहिला, कारण माणसे ज्या गोष्टीविषयी बोलत नाहीत तीच त्यांना मारते, हे त्याने पाहिले होते. आज रात्री जेवताना ताटात नागलीची भाकर असेल तर आनंदाने खा. आणि घरातल्या थोरल्या माणसाला रक्त जात असेल, तर उद्या सकाळची पहिली एसटी पकडा.